भाव नसलेल्या वस्तू

पावसाळ्यात मोठं उधाण येऊन ओसरलं, की मुंबईत वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, किनाऱ्यावर पाणी जिथवर चढलं होतं तिथवर कचऱ्याची एक लांबच लांब, वाकडीतिकडी रेघ उरते. येणारेजाणारे नाक दाबून ती ओलांडतात. वास असतोच, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मला मात्र त्या रेघेपाशी वाकून बघायची सवय लागली आहे. शाम्पूचे पाऊच. गुटख्याच्या आणि सुपारीच्या पुड्या. वेफर्सची आतून चंदेरी पाकिटं. चुरा होऊन वाळूत मिसळलेलं थर्माकोल. कान साफ करायच्या काड्या, लॉलीपॉपच्या नळ्या, पेनांच्या रिफिली, गोळ्या काढून घेतलेली औषधांची पाकिटं, एकेकटी रबरी चप्पल. निळ्या-पांढऱ्या झाकणांचा तर खच. आणि नीट शोधलं तर नखाएवढा एक त्रिकोण, दुधाच्या पिशवीचा कात्रीने कापून टाकलेला कोपरा.

कोपरा सापडतो, पिशवी क्वचितच सापडते. या एका गोष्टीने माझा सगळा विचार फिरवला. मुंबईतल्या कितीतरी घरांत दुधाची पिशवी धुऊन ओट्यामागच्या टाइलला चिकटवून वाळवतात आणि बऱ्याच साठल्या की रद्दीवाल्याला देतात. रद्दीवाला त्या तोलून घेतो. तिथून त्या धारावीच्या तेरा कंपाउंडात नाहीतर तसल्याच कुठल्या गाळ्यात जातात. तिथे माणसं हाताने प्लास्टिक निवडतात, रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे वेगळं करतात, त्याचा चुरा करून धुतात आणि वितळवून पुन्हा दाणा काढतात. पिशवीला भाव आहे म्हणून ती वाटेतच कुणीतरी अडवतं. कोपऱ्याला भाव नाही. एकाच घरातून, एकाच कात्रीखालून निघालेल्या दोन तुकड्यांपैकी एक गाळ्यात जातो आणि दुसरा समुद्रात.

पाण्याच्या बाटलीचंही पुष्कळसं तसंच. किनाऱ्यावर पहाटे फिरणाऱ्या कचरावेचक बायका बाटल्या आधी उचलतात. पण इथे आणखी एक गोष्ट आहे, ती फार कुणाच्या लक्षात येत नाही. बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असतं. झाकण उघडं असेल तर बाटली पाण्याने भरून तळाशी बसते. झाकणाचं प्लास्टिक वेगळं, पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगत राहतं. म्हणजे रेघेत दिसतात ती फक्त तरंगणारी प्लास्टिकं. बुडणारी किती, ते त्या रेघेवरून कधीच कळायचं नाही. किनारा झाडून झाला की समुद्र स्वच्छ झाला असं आपल्याला वाटतं, त्याचं एक कारण हेही आहे.

आणि पाऊच? कचरावेचक बाई त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, आणि तिचं बरोबर आहे. प्लास्टिकचे थर, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, वर छपाई, असं सगळं एकमेकांवर चिकटवलेलं. ते पुन्हा सोडवणं परवडत नाही, म्हणून कुठलाच गाळेवाला ते घेत नाही. दिवसभर वाकून तिने पोतं भरलं तरी त्याचा एक रुपया येणार नाही. ही वस्तू बनवणाऱ्यानेच तिला शेवट ठेवलेला नाही. किनाऱ्यावरची रेघ म्हणजे अशा वस्तूंची यादी आहे, ज्या विकताना किंमत होती आणि वापरून झाल्यावर उरली नाही.

मी राहते अंधेरी पश्चिमेला. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूने नाला जातो. तो पुढे मोगरा नाल्याला मिळतो, मोगरा नाला मालाडच्या खाडीला, आणि खाडीचं तोंड उघडतं ते वेसाव्याला. दरवर्षी जुलैत मरीन ड्राइव्हवर नाहीतर दादर चौपाटीवर समुद्राने फेकलेल्या कचऱ्याचे फोटो येतात आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी येतं: "हे सगळं त्या झोपडपट्टीवाल्यांमुळे. लोकांना शिस्तच नाही." मागच्या नाल्याकाठी वस्ती आहे, तिच्याकडे ते बोट असतं.

मला या वाक्याचा राग येतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही. आमच्या इमारतीतून रोज सकाळी निघणारा कचरा बघा. ऑनलाइन मागवलेल्या एकेका वस्तूभोवतीची फुगे-फुगे असलेली पिशवी, हॉटेलच्या जेवणाचे काळे डबे, भाजीच्या पातळ पिशव्या, बाटल्या. वस्तीतल्या घरापेक्षा आमच्या घरातून प्लास्टिक कितीतरी जास्त जातं. फरक इतकाच की आमच्याकडे माणूस दारातून डबा नेतो आणि खाली गाडी येते. वस्तीतली गल्ली गाडी शिरण्याइतकी रुंद नाही. कुंडी मोठ्या रस्त्यावर, तीही भरून वाहणारी. घरात दहा बाय दहाची जागा, त्यात सहा माणसं, तिथे दोन दिवसांचा कचरा साठवायचा कुठे? नाला दारात आहे. आमचा कचरा आमच्या डोळ्यांपुरता गायब होतो, त्यांचा होत नाही, आणि जो दिसतो त्याला दोष देणं सोपं असतं.

पाऊचचं तर आणखी वाईट. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घराला शाम्पूची बाटली एकरकमी परवडत नाही, हे ओळखूनच १९८०च्या दशकात तमिळनाडूतून पाऊचची लाट सुरू झाली. मग तेल, चहा, साबणचुरा, सॉस, सगळंच रुपया-दोन रुपयांच्या पाकिटात आलं. गरिबापर्यंत वस्तू पोचली म्हणून त्याचं कौतुक झालं. ते पाकीट त्याच्या दारात पोचवायला डोंगरकपारीतल्या टपरीपर्यंत जाणारी साखळी उभी राहिली. रिकामं पाकीट परत न्यायला मात्र कुणीच उभं राहिलं नाही. मग ते नाल्यात गेलं, तर शिस्त कुणाला नव्हती?

वेसाव्याच्या कोळीवाड्यात माझं मासळीचं गिऱ्हाईकपण जुनं आहे. ज्यांच्याकडून मी बोंबील घेते त्या मावशींचं घर पिढ्यान् पिढ्या डोलीच्या मासेमारीवर चाललंय. डोल म्हणजे भल्यामोठ्या पिशवीसारखं जाळं. समुद्रात रोवलेल्या खुंटांच्या आधाराने ते प्रवाहाला तोंड करून लावतात. होडी माशांच्या मागे धावत नाही. भरती-ओहोटीचं पाणीच जाळ्यातून जातं आणि पाण्याबरोबर येतील ते बोंबील, जवळा, करंदी, मांदेली शेवटच्या बारीक विणीच्या टोकात साठतात. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरात, मासळी जास्त. भांगेच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी मंद, जाळं रिकामं. चंद्राच्या तिथीवर चालणारी ही विद्या आहे, आणि किनाऱ्याच्या आसपास वाहणाऱ्या पाण्यावर तिचा सगळा भरवसा आहे.

म्हणूनच पाण्यात जे वाहतं ते सगळं डोलीत येतं. मावशी म्हणाल्या, "काय सांगू बाय, जालं वर घेतलं की आधी पिशव्याच. मावरं खाली, कचरा वर." कचऱ्याच्या वजनाने जाळं ओढताना फाटतं. पिशवी पंख्यात गुंतली की भर समुद्रात इंजिन बंद. त्यातला सगळ्यात न दिसणारा भाग किनाऱ्यावर होतो. आलेला माल निवडायचं काम बायकांचं. जवळ्यासारखी बारीक मासळी प्लास्टिकच्या चिंध्यांतून वेगळी करायची म्हणजे तासन्‌तास मांडी घालून बसायचं. पूर्वी मासळीची जात निवडायची असे, आता मासळीतून कचरा निवडायचा असतो. तोवर ऊन वर येतं, माल मऊ पडतो, भाव उतरतो. या बायकांनी केलेलं हे काम मुंबईच्या सफाईच्या कुठल्याही हिशोबात धरलं जात नाही. ते प्लास्टिक त्यांनी विकलेलं नाही, बहुतेकदा विकत घेतलेलंही नाही, पण त्याची किंमत त्या मोजतात.

त्याच मावशींनी मला दुसरी बाजूही सांगितली. पूर्वीची जाळी सुताची, सणाची. ती कुजायची, पण कुजून संपायची. नायलॉन आलं, मेहनत वाचली, पण तुटून समुद्रात राहिलेलं जाळं आता वर्षानुवर्षं मासळी धरत राहतं आणि ती कुणाच्याच पदरात पडत नाही. पॅसिफिक महासागरातल्या त्या प्रचंड कचरापट्ट्याचं मोजमाप करून २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजनाने जवळजवळ निम्मा, ४६ टक्के, वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला होता. मावशींना तो आकडा ठाऊक नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की जुनं जाळं परत घेऊन कुणी चार पैसे दिले असते तर कोण फेकलं असतं. रेघेने मला जे दाखवलं, तेच त्या धंद्याच्या आतून सांगत होत्या.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गटारं-नाले पिशव्यांनी तुंबले होते हे सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर राज्यात ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ला राज्याने त्याहून मोठी बंदी जाहीर केली. २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्या जूनमध्ये माणसं घरातून कापडी पिशव्या घेऊन निघाली होती. मला ते फार आवडलं होतं. भाजीवाल्यांनी वर्तमानपत्राचे पुडे बांधले, मासळीला लोक डबे घेऊन गेले. म्हणजे लोकांना सवय बदलता येत नाही, हे खरं नाही. ती आठवड्याभरात बदलली होती.

पण काही दिवसांतच दुकानातल्या वेष्टनांना सवलती मिळू लागल्या आणि पथकांचा धाक ओसरल्यावर पातळ पिशव्याही परतल्या. १ जुलै २०२२पासून केंद्राची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी आली, त्यात कानाच्या काड्या, आइस्क्रीमच्या काड्या, स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट आहे. पाऊच त्या यादीत नाही. दंड कुणाला होतो ते कुठल्याही भाजीबाजारात उभं राहून बघावं. हातगाडीवर कोथिंबीर विकणाऱ्या बाईला होतो. ज्या कारखान्यात पिशवी बनते तिथवर तो हात क्वचित पोचतो. उत्पादकांनी आपलं प्लास्टिक परत गोळा करावं असा नियम आहे, त्यासाठी पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रं विकत घ्यायची सोय आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी लाखो प्रमाणपत्रं बनावट निघाली. समुद्रातली वस्तू कागदावर परत आली होती.

२०१८च्याच अधिसूचनेत एक चांगली गोष्ट होती. दुधाच्या पिशवीवर परत घेण्याची किंमत छापायची, ती ५० पैशांपेक्षा कमी नसावी, आणि पिशवी आणून देणाऱ्याला ती द्यायची. मुंबईत आज कुठल्या दुधाच्या दुकानात हे घडतं? ही छोटी तरतूद नेटाने राबवली असती आणि तीच पाऊचला, पुड्यांना, वेफर्सच्या पाकिटांना लावली असती, तर नाल्याकाठच्या पोरांनी एक पाकीट पाण्यात जाऊ दिलं नसतं. हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. निलगिरी जिल्ह्यात जंगलात दारूच्या बाटल्या फुटून हत्तींच्या पायांना इजा होत होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२पासून तिथे प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जास्त घेऊन बाटली परत आणली की परत द्यायला सुरुवात झाली, आणि बाटल्या परत येऊ लागल्या. पिणारी माणसं तीच होती.

आपल्या बोलण्यात श्रद्धेचा विषय आला की सगळे गप्प होतात, पण तो टाळून चालणार नाही. निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडावं असं आपण लहानपणापासून ऐकलं. फुलं पाण्यात विरतात. पण ती आता प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून जातात, त्यात जरीचे हार, थर्माकोलचे मणी, अगरबत्तीची पाकिटं. वसईच्या खाडीवरून लोकल जाताना दारातला माणूस हात जोडतो आणि पिशवी फेकतो. त्या खाडीत पाणजू बेट आहे, तिथे गाव आहे, आणि गावातले लोक रेल्वेच्या पुलावरून चालत ये-जा करतात. फेकलेल्या पिशव्या, नारळ त्यांना लागतात. २०२५च्या सप्टेंबरात असाच गाडीतून आलेला नारळ डोक्याला लागून बेटावरचा एक तरुण मरण पावला. फेकणाऱ्याच्या मनात भक्तीच असेल. खाली कुणी राहतं, हे त्याच्या मनात आलंच नाही. समुद्राबद्दलचं आपलं सगळं वागणं मला या एका घटनेत दिसतं. आपल्याला पाणी दिसतं, पाण्यावर जगणारं माणूस दिसत नाही.

त्या खाडीला मिळणाऱ्या उल्हास नदीचं नाव जगाच्या यादीत आहे. २०२१मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के एक हजाराहून अधिक नद्यांतून जातं, आणि त्यात मोठ्या प्रसिद्ध नद्यांपेक्षा शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. पहिल्या दहांत उल्हास आहे. त्याआधी समज असा होता की दहाबारा महानद्या आवरल्या की झालं. म्हणजे लढाई कुठल्यातरी दूरच्या त्रिभुज प्रदेशात नाही. ती आमच्या मागच्या नाल्यावर आहे. प्लास्टिकच्या उत्पादनालाच आवर घालावा की नाही यावर २०२२पासून जगातले देश करारासाठी बसत आहेत, २०२४मध्ये बुसानला आणि ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हाला बोलणी फिसकटली, आणि उत्पादनावर मर्यादा नको म्हणणाऱ्यांत भारतही होता. मला हे पटत नाही. विकासाची गरज मला कळते, पण ती गरज पाऊचच्या थरांत नाही.

वेसाव्याचं नाव काढलं की अफरोझ शाह यांचं नाव निघतंच, आणि निघायलाच हवं. या वकिलाने २०१५च्या ऑक्टोबरमध्ये किनारा साफ करायला सुरुवात केली तेव्हा वाळू दिसत नव्हती. पुढे शेकडो माणसं आली, २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' सन्मान मिळाला, आणि मार्च २०१८मध्ये तिथल्या वाळूवरून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे सरकताना दिसली. ज्यांनी ती पाहिली त्यांना मी आजही भाग्यवान मानते. या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की वाळू उपसत उपसत ती माणसं पाण्याच्या उलट दिशेने, मिठी नदीकडे गेली. दर भरतीला नवा कचरा येतो हे ज्याने हातांनी अनुभवलंय, त्याला नाल्याकडे वळावंच लागतं. एका रविवारी हातमोजे घालून फोटो काढून परतणाऱ्यांना ते कळत नाही. त्यांनी येऊ नये असं मी म्हणत नाही. त्यांनी पुन्हा यावं, आणि पिशवीत काय काय भरलं ते घरी जाण्याआधी एकदा वाचावं. पाकिटांवर कंपन्यांची नावं छापलेली असतात.

सोसायटीच्या येत्या सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. पहिली, दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, थोडासा चिरून पिशवीलाच लटकता ठेवायचा. याने समुद्र वाचणार नाही हे मला ठाऊक आहे, पण ज्या घरांना आपला कचरा नाल्यापर्यंत जातच नाही असं वाटतं, त्यांना तो कोपरा दाखवणं मला गरजेचं वाटतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मागच्या वस्तीच्या तोंडाशी रोज कचऱ्याची लहान गाडी यावी, अशा अर्जावर आमच्या इमारतीच्या आणि वस्तीच्या मिळून सह्या घ्यायच्या. वस्तीतल्या बायकांशी बोलून आले आहे. त्यांनी एकच अट घातली आहे, गाडी सकाळी सातच्या आत आली पाहिजे, कारण सातनंतर त्या आमच्याच इमारतींत कामाला आलेल्या असतात.